पायाखालची काळी : कळमेश्वरच्या मातीचे वर्णन आणि वर्गीकरण



वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर, संगीतावर किंवा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर बोलावे, अशी आपली रीत आहे. त्या रीतीत मातीचे व्याख्यान थोडे वेगळे पडेल. तथापि आम्ही हा विषय मुद्दाम मागून घेतला. काळी माती समजून घ्यावयाची तर तिच्याकडे पाहण्याचा हंगाम हाच आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि जवळ येऊ देत नाही. हिवाळ्यात पिकाखाली झाकलेली असते. आत्ता मात्र, मृग लागण्यापूर्वीच्या या दिवसांत, ती उघडी आणि उकललेली असते. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना एखाद्या पडीत वावरात क्षणभर उभे राहा आणि भेगेत तुरीची काडी सोडून पाहा. हातभर काडी पुष्कळदा सहज आत जाते. त्या भेगेतून खाली काय आहे आणि त्याला कोणते नाव द्यावयाचे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

नाव देणे म्हणजे वर्गीकरण करणे. ते मूळचे विद्यापीठाचे काम आहे, असा आपला समज असतो. परंतु आपल्या गावाने मातीचे पहिले वर्गीकरण केव्हाच करून ठेवले आहे. गाव वसते ती पांढरी आणि पीक निघते ती काळी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, भिंतींची माती आणि वस्तीचा केरकचरा मिसळून गावठाणाची माती पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. ही विभागणी केवळ रंगाची नव्हे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तिच्यावर बांधलेली भिंत तडकते. घर पांढरीवर आणि पेरा काळीवर, हा जुन्या माणसांचा विवेक होता. आज काळ्या वावरांचे भूखंड पाडून त्यांवर घरे उभी राहत आहेत आणि दोनचार वर्षांत भिंतीला तिरकी चीर दिसू लागली की गवंड्याला दोष दिला जातो. पाया मातीच्या स्वभावाप्रमाणे घ्यावा लागतो, ही गोष्ट पांढरी आणि काळी या दोन शब्दांतच सांगून ठेवलेली होती.

दुसरे वर्गीकरण याहून बारीक आहे. नागपूरकडच्या शेतकऱ्याला आपली माती एकच काळी कधीच वाटली नाही. त्याने तिला काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी चार मुख्य नावे दिली. वाळूची ती रेताडी आणि नदीच्या गाळाची ती कछार, ही नावे वेगळी. काळी म्हणजे खोल, चिकण, खडा नसलेली. मोरंड म्हणजे काळीच, पण रंगाने किंचित उणी आणि चुनखडीचे खडे किंवा थोडी वाळू मिसळलेली. खरडी म्हणजे उथळ, करड्या रंगाची आणि खडेमिश्रित. बरडी म्हणजे नुसता मुरूम आणि दगड, वर बोटभर माती. आता एखाद्या टेकाडावरून नाल्याकडे चालत या. माथ्यावर बरडी लागते, उतारावर खरडी, उतार मंदावला की मोरंड आणि नाल्याच्या अंगाला काळी. जमीन हजारो पावसाळ्यांत वरून धुपली आणि खाली साचली. त्या उताराचा इतिहास या चार शब्दांत क्रमाने लावलेला आहे.

इंग्रजी अमदानीत सारा ठरवावयाचा झाला तेव्हा हीच नावे सरकारी दप्तरात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रेजिनाल्ड क्रॅडॉक या अधिकाऱ्याने नागपूर जिल्ह्याची जमाबंदी केली. त्या पद्धतीत मातीचे नाव आणि शेताची जागा अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या जात. शेत सपाटीवर आहे, लवणात आहे की पाण्याने चिरलेले आहे, हे पाहून प्रत्येक मातीला तुलनेचा एक आकडा दिला जाई आणि त्या आकड्यावरून साऱ्याचा हिशेब होई.

पलीकडे मुंबई इलाख्यात वेगळी तऱ्हा होती आणि तीच पुढे वऱ्हाडातही आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ नंतर बसविलेल्या त्या पद्धतीत मातीचे मोल आण्यांत होई. पहिल्या प्रतीची काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. खोली पावपाव हात कमी होत गेली की आणेही उतरत आणि पाव हात खोलीला साडेचार आणे उरत. चुनखड, वालसर, उतारवट असे दोष निघाले तर दर दोषामागे माती एकेक पायरी खाली जाई. हा हिशेब फार हुशारीचा होता, हे कबूल केले पाहिजे. मातीचे मोल खोलीत आहे, हे त्या लोकांनी ओळखले होते. परंतु पावणेदोन हात म्हणजे सुमारे ऐंशी सेंटिमीटर. त्याच्या खाली मुरूम आहे की आणखी दोन मीटर चिकण माती आहे, हे विचारण्याचे त्यांना कारण नव्हते. ज्वारी, गहू, जवस आणि कपाशी यांचा सारा बसविण्यास तेवढे पुरे होते. वर्गीकरण करणारा ज्या कामासाठी ते करतो त्या कामापुरतेच पाहतो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

तिसरे वर्गीकरण शास्त्राचे. ते समजण्यासाठी ही माती आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. हा प्रश्न विद्वानांना बराच काळ छळीत होता. या मातीला इंग्रजी ग्रंथांत रेगूर म्हणत; शब्द तेलुगूतील रेगड यावरून आलेला. कोणी तिला समुद्राचा गाळ म्हणे, कोणी आटलेल्या सरोवरांचा. नागपुरात राहून या प्रदेशाच्या भूस्तरांचा अभ्यास करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी १८५५ साली नागपूरच्या परिसरावर निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून आपल्या भागातील खडकांची रचना जगाला ठाऊक झाली. दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनला. त्याची पूर्वेकडची सीमा नागपूर शहराजवळ येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी त्या दगडाची. तिच्या पूर्वेला भंडाऱ्याच्या बाजूस गेले की जुने, निराळ्या जातीचे खडक लागतात आणि त्यांबरोबर माती बदलते, पीक बदलते, ताटातला भात वाढतो. कळमेश्वर त्या सीमेच्या पश्चिमेला, काळ्या दगडावर बसलेले आहे.

हा दगड कुजतो तेव्हा त्यातील फेल्डस्पारसारख्या खनिजांपासून स्मेक्टाइट नावाचे चिकण खनिज तयार होते. त्याच दगडातील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने मातीत साचतो. आज आपल्याकडे वर्षाला सुमारे हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. खोल काळ्या मातीतील इतके स्मेक्टाइट एवढ्या पावसात निर्माण होणे कठीण. ते पूर्वीच्या अधिक दमट काळात वरच्या अंगाला तयार झाले आणि मागाहून वाहून येऊन सखल भागांत साचले, असे अलीकडचे मृदाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे नाल्याकाठची काळी ही तेथल्या दगडाची लेक नसून वरच्या गावाहून आलेली सून आहे, असे म्हटले तरी चालेल. तिने घर मात्र पुरते आपले केले आहे.

आणि काळेपण? काळी म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याने समृद्ध, असा एक समज आहे. तो येथे लागू पडत नाही. रशियातील दोकुचायेव यांनी १८८३ साली ज्या काळ्या मातीचे वर्णन करून आधुनिक मृदाशास्त्राचा पाया घातला, ती चेर्नोझेम माती खरोखरच सेंद्रिय द्रव्याने भरलेली आहे. आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाच्या आतच असतो. जे थोडे आहे ते चिकण कणांशी इतके घट्ट बांधलेले असते की तेवढ्यानेच माती काळी दिसते. रंगावरून श्रीमंती ठरविणे माणसाच्या बाबतीत जसे फसवे, तसेच मातीच्याही.

आता खड्ड्यात उतरू. शास्त्राचे वर्गीकरण बांधावर उभे राहून करता येत नाही. माणूस उभा राहील असा खड्डा खणावयाचा, एक भिंत चाकूने सारखी करावयाची आणि वरपासून खालपर्यंत थर वाचीत जावयाचे. प्रत्येक थराचा रंग रंगपत्रिकेशी ताडून पाहतात. तेथे पहिली गंमत होते. आपण जिला काळी म्हणतो ती मन्सेलच्या पत्रिकेत पुष्कळदा अतिगडद करडी किंवा अतिगडद करडी-तपकिरी निघते. मग ओली माती चिमटीत घेऊन अंगठ्याने तिची पट्टी ओढतात. पट्टी जितकी लांब निघेल तितकी चिकण अधिक. चिकण कण म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहूनही बारीक. खोल काळ्या मातीत असे कण निम्म्याहून अधिक असणे नवलाचे नाही. सौम्य आम्लाचा थेंब सोडला की चुन्याचा फेस येतो. किती जोराने येतो, तेही लिहून ठेवतात.

वरचा वीतभर थर वखराखालचा, भुसभुशीत. त्याखाली माती टोकदार ढेकळांची होते. आणि साधारण हात-दीड हाताखाली ती वस्तू दिसते, जी या मातीची ओळखीची खूण आहे. चाकूच्या टोकाने ढेकूळ उचकटले की तुटलेली बाजू तुळतुळीत, चकचकीत निघते, जणू कोणी ओल्या हाताने सारवली आहे; आणि तिच्यावर एकाच दिशेने ओढलेल्या बारीक रेघा असतात. ही पृष्ठे उभी नसतात, आडवी नसतात, तिरपी असतात. असे का होते? स्मेक्टाइटची रचना पुस्तकाच्या पानांसारखी आहे आणि पाणी त्या पानांमध्ये शिरते. पहिला पाऊस भेगांतून थेट खाली जातो आणि खालची माती फुगू लागते. वर मणामणांचे ओझे, बाजूला तशीच फुगणारी माती. जागा कोठेच नाही. मग मातीचे डोले एकमेकांवर तिरपे सरकतात आणि सरकताना एकमेकांना घासून गुळगुळीत करतात. आपण वर शांतपणे कपाशी डवरीत असतो, तेव्हा खाली ही कुस्ती चाललेली असते.

पूर्वी असे शिकवीत की वरची माती भेगांत पडते, खालची वर येते आणि जमीन स्वतःलाच नांगरते. या मातीच्या गणाला व्हर्टिसॉल हे नाव मिळाले ते ‘उलथणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच. पण ती पुरती उलथत असती तर वरपासून खालपर्यंत एकजीव झाली असती. प्रत्यक्षात सेंद्रिय कर्ब खाली क्रमाने कमी होतो आणि चुना बहुधा वाढत जातो. म्हणजे उलथापालथ होते, पण पूर्वी मानीत तितक्या वेगाने नाही. नाव राहिले, समजूत सुधारली. शास्त्रात असे चालते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

व्हर्टिसॉल हा शब्द १९६० साली अमेरिकेतील मृदा-सर्वेक्षकांनी मांडला आणि १९७५ साली त्यांचे वर्गीकरण ग्रंथरूपाने आले. आज आपल्या देशात मुख्यतः तेच वापरतात. हे काम करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ सालापासून आहे आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच, अमरावती मार्गावर आहे. साऱ्या देशाच्या मातीचा हिशेब आपल्या घरापासून इतका जवळ ठेवला जातो, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

या वर्गीकरणाच्या सहा पायऱ्या आहेत : गण, उपगण, महागट, उपगट, कुल आणि मालिका. व्हर्टिसॉल ठरण्यास तीन गोष्टी लागतात. चिकण शेकडा ३० किंवा अधिक असावी. भेगा ठराविक काळाने उघडाव्यात आणि मिटाव्यात. पहिल्या मीटरच्या आत तुळतुळीत पृष्ठांचा किंवा पाचरीसारख्या ढेकळांचा थर असावा आणि तो निदान पंचवीस सेंटिमीटर जाड असावा. खडक पन्नास सेंटिमीटरच्या आत लागला तर ती माती या गणातून बाद. पुढे उपगण हवामानावरून ठरतो. आपल्याकडची माती वर्षातील काही काळ कोरडी पडते, म्हणून ‘जळलेला’ या अर्थाच्या शब्दावरून अस्टर्ट. मग विशेष व्यंग किंवा वैशिष्ट्य नाही म्हणून साधी, हॅप्लस्टर्ट. आणि त्यांतही नमुनेदार ती टिपिक हॅप्लस्टर्ट. नाव परदेशी आणि बोजड वाटते, पण नीट उकलले तर त्याचा अर्थ एवढाच : उन्हाळ्यात वाळणारी, फुगणारी, साधी, नमुनेदार काळी. कुलात चिकण किती, खनिज कोणते आणि जमिनीचे तापमान किती, हे येते. शेवटची पायरी मालिकेची, आणि तेथे शास्त्र पुन्हा गावाकडे येते. मालिकेला ती माती जेथे प्रथम ओळखली गेली त्या गावाचे नाव देतात. आपल्याच बाजूच्या लिंगा गावावरून ‘लिंगा’ ही मालिका शास्त्रीय ग्रंथांत गेली आहे. संत्र्याच्या बागांखालची खोल काळी माती म्हणून देशभरचे अभ्यासक तिचे नाव घेतात.

मग मोरंड, खरडी, बरडी यांचे काय? ढोबळ मानाने पाहता खोल काळी व्हर्टिसॉलमध्ये जाते. भेगा पडणारी पण पूर्ण लक्षणे नसलेली मध्यम माती इन्सेप्टिसॉल गणात जाते. वीतभर मातीखाली दगड लागणारी बरडी एन्टिसॉलमध्ये जाते. परंतु जोडी जुळवून मोकळे व्हावे असे हे प्रकरण नाही. मोरंड हे नाव चुनखडीच्या खड्यांवरून आहे आणि खोलीविषयी ते फारसे काही बोलत नाही. दोन मोरंड वावरे वरून बहिणी दिसतात. एकीत अडीच फुटांवर मुरूम लागतो, दुसरीत पुरुषभर चिकण. शेतकऱ्याच्या कोशात दोघींचे नाव एक, शास्त्राच्या वहीत त्या निराळ्या गणांत जाऊ शकतात. उलट शास्त्राची एकच मालिका असलेल्या पट्ट्यात एखादे लवण पावसाळ्यात आठवडाभर पाणी धरते. ते नकाशावर दिसत नाही. ते त्या शेताच्या मालकालाच ठाऊक असते.

आता कोणी विचारील की या नावानिशीने आमचे पोट कसे भरणार? त्याचे उत्तर संत्र्याच्या झाडाजवळ आहे. भोसल्यांच्या काळात नागपुरात संत्रा आला असे सांगतात. काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यात तो असा रुजला की आपली ओळखच झाली. कपाशीची वा सोयाबीनची चूक एका हंगामात कळते आणि पुढल्या हंगामात सुधारता येते. संत्र्याचे झाड लावल्यावर पाच-सहा वर्षांनी भर येतो. चूक कळेपर्यंत कर्ज, पाणी आणि उमेद यांची एवढी वर्षे जमिनीत गेलेली असतात.

दोन शेजारी कल्पना करा. दोघांची कलमे एकाच रोपवाटिकेतील, दोघांचे जंबेरीचे खुंट एकाच जातीचे, दोघांची वावरे सारखीच काळी. एकाच्या वावरात मीटरभर मातीखाली मऊ मुरूम आहे. जास्तीचे पाणी निघून जाते. दुसऱ्याच्या वावरात दोन मीटरपर्यंत सलग चिकण आहे. ओली झाली की ती फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाणी तिच्यातून हलत नाही. पहिली तीन-चार वर्षे दोन्ही बागा सारख्याच हिरव्या दिसतात. दुसरी कदाचित अधिकच हिरवी. मग मुळे खोल जातात, श्रावणात त्यांच्या पायाशी पाणी साचते, हवा तुटते आणि फायटोप्थोरा बुरशीला रान मोकळे होते. मूळ कुजते, बुंध्यातून डिंक गळतो, शेंडे वाळू लागतात. चुना फार असेल तर लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. आंबिया बहारासाठी ताण द्यावयाचा तर मुरमाच्या जमिनीत महिनाभरात झाड ताणावर येते. खोल काळीत ओल पुष्कळ आठवडे सुटत नाही. ताण बसत नाही, बहार चुकतो. दुसरा शेजारी दैवाला बोल लावतो. दैवाचा यात संबंध थोडा आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन मातींना त्याने एकच नाव दिले, ही मूळ चूक होती.

येथे मघाची गोष्ट आठवावी. सारा ठरविणाऱ्याने ऐंशी सेंटिमीटरपर्यंत पाहिले, कारण त्याला साऱ्यापुरतेच पाहावयाचे होते. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी नमुना साधारणपणे वरच्या वीतभर थरातून घेतात. नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि कर्ब यांविषयी ती पत्रिका चांगली माहिती देते, आणि हंगामी पिकाला ती उपयोगी आहे. पण संत्र्याला वीतभर मातीत राहावयाचे नसते. पत्रिका उत्तम निघाली म्हणून बाग लावली, असे कोणी म्हणाला तर वधूचा चेहरा पाहून तिच्या घरच्या विहिरीला पाणी किती, हे ठरविण्यासारखे ते झाले. बागायतदाराचा प्रश्न निराळा आहे : खाली काय आहे आणि पाणी जाते कोठे? त्याचे उत्तर त्याला स्वतःच मिळविले पाहिजे.

त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. बाग लावण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, म्हणजे याच दिवसांत, वावरात निदान दोन-तीन ठिकाणी, उंचावर आणि लवणात, पुरुषभर खोल खड्डा खणावा. मुरूम किती खोलीवर लागतो, ते मापून लिहावे. तुळतुळीत तिरपी पृष्ठे कोठून सुरू होतात, चुनखडीचे खडे कोठे दाट होतात, ते पाहावे. नमुने थराथराने वेगवेगळे घेऊन प्रयोगशाळेत द्यावेत. मग खड्डा पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती उतरले ते पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर त्या वावराने आपले मत दिले, असे समजावे. त्यातूनही बाग लावावयाचीच असेल तर उंच गादीवाफ्यांवर लावावी, ओळींमधून नाल्याकडे चर काढावेत आणि बुंध्याशी पाणी लागू देऊ नये. किंवा त्या वावराला त्याच्या स्वभावाचे पीक द्यावे. हीच खोल काळी पूर्वी पावसाळ्यात मोकळी ठेवून रब्बीत गहू, जवस, हरभरा पिकवीत असे, तोही केवळ साठलेल्या ओलीवर. संत्र्याला मारणारी ओल गव्हाला तारणारी होती. त्यात मातीचा गुण एकच. नाव आणि काम जुळले की तोच गुण ठरतो आणि न जुळले की दोष.

एक विनंती अधिक. मोरंड, खरडी, लवण, वाफसा, चोपण हे शब्द घरोघर कमी ऐकू येऊ लागले आहेत. मुले शेतीचे शिक्षण घेऊन येतात तेव्हा त्यांना हॅप्लस्टर्ट ठाऊक असते आणि आजोबांना मोरंड ठाऊक असते. एका ओसरीवर बसून दोघांचे बोलणे होत नाही. आम्हांस त्यांपैकी एकाची निवड करावयाची नाही. आजोबांच्या शब्दात उतार आणि पीक यांची अनेक पिढ्यांची पाहणी आहे. मुलाच्या शब्दात दोन मीटर खाली पाहण्याची शिस्त आहे. आजोबांनी जागा दाखवावी आणि मुलाने तेथे खणावे. मग जी वही तयार होईल ती कोणत्याही सरकारी नकाशापेक्षा त्या घराला अधिक उपयोगी पडेल.

मृगाला आता फार दिवस राहिलेले नाहीत. पहिला चांगला पाऊस झाला की भेगा मिटतील, माती पुन्हा एकसारखी काळी दिसू लागेल आणि आपणही तिच्यासारखेच विसरून जाऊ. तेव्हा तोपर्यंत एक खड्डा अवश्य खणावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यात उतरून आपल्या मातीचे खरे नाव काय, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे आणि मग त्या जमिनीत काय लावावयाचे, ते ठरवावे.